तुकडे जुळवा, पण कारणही सांगा

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन शेजारचे तालुके. दोहोंच्या मधून भीमा वाहते आणि शिरूर गावाला घोडनदी हे नाव जिच्यामुळे मिळाले ती घोड नदीही पुढे भीमेलाच जाऊन मिळते. विद्यार्थी मित्रांनो, या नद्यांच्या काठची शेते एकदा नीट न्याहाळून पाहा. वहीच्या पानासारखे आयताकृती शेत क्वचितच दिसेल. एखाद्याची एक बाजू नदीच्या वळणाने तिरकी झालेली, दुसरी ओढ्याने कापलेली, तिसरी रस्त्याला लागलेली. अशा वेड्यावाकड्या तुकड्याचे क्षेत्रफळ किती, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने केवळ परीक्षेतला नसतो. भावाभावांची वाटणी, जमिनीची खरेदी-विक्री, बियाण्याचा आणि खताचा हिशेब, सारे त्यावरच अवलंबून असते.

आता एक साधे उदाहरण घ्या. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशा चौरस जागेला आपण एक गुंठा म्हणतो. तिचे क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट आणि परिमिती १३२ फूट. दुसरा एक तुकडा ५५ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे असे समजा. त्याचीही परिमिती १३२ फूटच. म्हणजे कुंपणाला तार दोन्हीकडे सारखीच लागेल आणि भोवताली चालत फेरी मारली तर पावलेही सारखीच पडतील. पण या दुसऱ्या तुकड्याचे क्षेत्रफळ भरते अवघे ६०५ चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचे बरोबर पाच नवमांश! "तार तेवढीच, मग जमीनही तेवढीच" असे मानणारा माणूस जवळजवळ अर्ध्या जमिनीला मुकेल.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांची सूत्रे तुम्हांला पाठ असतीलच. परंतु आकार मोडला, फिरवला, पुन्हा जोडला, तर त्यातले काय बदलते आणि काय बदलत नाही, हे सूत्रे पाठ करून अंगी बाणत नाही. ते हाताने करून पाहावे लागते. त्यासाठी फार जुने आणि फुकटात बनणारे साधन म्हणजे आकार जुळवण्याची कोडी.

एका चौरसाचे सात तुकडे

या कोड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे चिनी टँग्रॅम. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या आणि तो करायला बसा. ८ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढून त्याच्या कोपऱ्यांना ओळीने अ, ब, क, ड अशी नावे द्या. बड हा कर्ण काढा आणि त्याचा मध्यबिंदू म घ्या. अम जोडा. आता बक आणि कड या बाजूंचे मध्यबिंदू अनुक्रमे प आणि फ घेऊन पफ जोडा. पफ चा मध्यबिंदू र घ्या व मर जोडा. शेवटी मड चा मध्यबिंदू स आणि मब चा मध्यबिंदू त घेऊन फस व रत या रेघा काढा. या सहा रेघांवरून कात्री चालवली की सात तुकडे हाती येतात: दोन मोठे त्रिकोण, एक मधला त्रिकोण, दोन लहान त्रिकोण, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन.

खेळाचे नियम दोनच. सातही तुकडे वापरायचे आणि एकावर एक चढवायचे नाहीत. एवढ्यातून बदक, होडी, घर, धावणारा माणूस असे कितीतरी आकार होतात. या खेळावरचे आज माहीत असलेले सर्वांत जुने छापील चिनी पुस्तक १८१३ सालचे आहे. त्यानंतर चारपाच वर्षांतच हा खेळ जहाजांबरोबर युरोप-अमेरिकेत पोहोचला आणि तिकडे त्याचे वेडच लागले. सॅम लॉइड नावाच्या अमेरिकन कोडेकाराने १९०३ साली एका पुस्तकात हा खेळ चार हजार वर्षांचा जुना असल्याचे लिहिले. ती त्याने रचलेली थाप होती, पण पुष्कळांनी ती खरी मानली. पुरावा मागितल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हा धडा या खेळाच्या इतिहासातही आहे तो असा.

आता तुकडे हाती आहेत, तर पहिला शोध घ्या. लहान त्रिकोणाला १ माप माना. दोन लहान त्रिकोण जोडून पाहा. त्यांतून मधला त्रिकोणही होतो, चौरसही होतो आणि समांतरभुज चौकोनही होतो! म्हणजे हे तिन्ही तुकडे प्रत्येकी २ मापांचे. मोठा त्रिकोण भरतो ४ मापांचा. एकूण बेरीज: ४ + ४ + २ + २ + २ + १ + १ = १६. मग बदक करा की होडी, क्षेत्रफळ १६ मापेच राहणार. मात्र प्रत्येक आकाराच्या कडेने दोरा फिरवून मोजा. परिमिती आकाराप्रमाणे बदलताना दिसेल. गुंठ्याचा तो घोटाळा येथे तुमच्या बोटांनीच उकलला.

डोक्यात फिरवणे

थोडा सराव झाल्यावर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. सुरुवातीला आपण तुकडा हाताने फिरवून फिरवून बसवतो. पुढे पुढे तो हातात घेण्याआधीच मनात फिरवला जातो.

ही मनातली फिरकी मोजतासुद्धा येते. रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठोकळे जोडून केलेल्या आकारांची दोन-दोन चित्रे ते लोकांना दाखवीत आणि दोन्ही आकार एकच आहेत की निराळे, असे विचारीत. एक चित्र दुसऱ्याच्या मानाने जितके अधिक अंशांनी फिरवलेले असे, तितका उत्तराला अधिक वेळ लागे, आणि तोही अगदी प्रमाणात. जणू माणूस डोक्यात तो आकार खरोखरच हळूहळू फिरवत होता.

हे कौशल्य जन्मतःच मिळते आणि तेवढेच राहते, असे मात्र नाही. या विषयावरील २१७ संशोधनांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. सरावाने हे कौशल्य सुधारते असाच त्याचा निष्कर्ष होता. सुताराला, शिंप्याला, यंत्रांचे आराखडे वाचणाऱ्या कारागिराला, रेणूची रचना समजून घेणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला, सर्वांनाच ते रोज लागते. घरातली गोधडी पाहा. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे लहानमोठे तुकडे सुरकुती न पडता आणि कापड वाया न घालवता बसवणारी आजी हेच कोडे सोडवत असते.

परंतु कोडी सोडवणारा आपोआप गणितात हुशार होतो, असे समजू नका. तुकडा बसला, टाळी वाजवली आणि पुढच्या चित्राकडे वळलो, एवढ्यावर थांबले तर हाताला सराव होतो, पण विचार पुढे सरकत नाही. पिएर व्हान हीले आणि दिना व्हान हीले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ साली भूमितीच्या समजुतीच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार केवळ दिसण्यावरून ओळखते. दुसऱ्या पायरीवर ते त्याचे गुणधर्म सांगू लागते: बाजू सारख्या, कोन काटकोन. त्यापुढच्या पायरीवर ते एका गुणधर्मावरून दुसरा निष्कर्ष काढते. चढायची शिडी ती ही. आणि एका पायरीवरून दुसरीवर नेणारा प्रश्न एकच: असे का?

जमत नाही की जमणारच नाही?

हा प्रश्न विचारून पाहू. आपल्या सात तुकड्यांतून चौरस करायचा आहे, पण सर्व तुकडे वापरण्याची सक्ती नाही. एका तुकड्याचा चौरस तयारच आहे. दोन लहान त्रिकोणांचा होतो. दोन लहान आणि मधला अशा तीन तुकड्यांचा होतो. त्या तिघांना एक मोठा त्रिकोण जोडला की चार तुकड्यांचा होतो. दोन्ही मोठे त्रिकोण बाजूला ठेवले तर उरलेल्या पाचांचा होतो. सातांचा तर मुळातलाच. मग सहांचा?

प्रयत्न करून पाहा. तासभर बसलात तरी तो होणार नाही. पण "मला जमत नाही" आणि "कोणालाच जमणार नाही" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरे वाक्य म्हणायचे तर कारण द्यावे लागते. ते असे.

लहान त्रिकोणाची काटकोनालगतची बाजू १ माना. मग सात तुकड्यांच्या सर्व बाजू १, √२, २ किंवा २√२ एवढ्याच लांबीच्या आहेत. हे मोजून खात्री करून घ्या. कोणताही चौरस केला तरी त्याची प्रत्येक बाजू या लांब्यांची बेरीज असली पाहिजे, कारण ती तुकड्यांच्या अखंड बाजूंनीच बनते. लहानापासून सुरुवात करून अशा बेरजा मांडा: १, १.४१४, २, २.४१४, २.८२८, ३ आणि पुढे. २.४१४ आणि २.८२८ यांच्या दरम्यान एकही बेरीज येत नाही.

आता क्षेत्रफळ पाहा. या मापाने लहान त्रिकोणाचे क्षेत्रफळ १/२ आणि सातही तुकड्यांचे मिळून ८. सहा तुकडे वापरायचे म्हणजे एक काढायचा. लहान काढला तर ७.५ उरतात, २ मापांचा कोणताही तुकडा काढला तर ७ आणि मोठा काढला तर ६. म्हणजे चौरसाची बाजू √७.५, √७ किंवा √६ हवी. यांच्या किमती सुमारे २.७३९, २.६४६ आणि २.४४९. तिन्ही नेमक्या त्या रिकाम्या जागेत पडतात! तेव्हा सहा तुकड्यांचा चौरस होणे शक्यच नाही. हजार वर्षे कोणी प्रयत्न केला तरी नाही.

पाहा, हे सांगण्यासाठी आपण एकही तुकडा हलवला नाही. हातांनी जे कधीच संपले नसते ते चार ओळींच्या विचाराने संपवले. गणितात सिद्धता म्हणतात ती हीच.

डोळेही फसवतात

सिद्धतेची गरज आणखी एका कारणाने आहे. चौकटीच्या कागदावर ८ × ८ चा चौरस काढा. त्याचे ८ × ५ आणि ८ × ३ असे दोन आयत कापा. ८ × ३ चा आयत कर्णावर कापून दोन त्रिकोण करा. ८ × ५ च्या आयतात एका लांब बाजूवर डाव्या टोकापासून ५ चौकटींवर खूण करा, समोरच्या लांब बाजूवर डाव्या टोकापासून ३ चौकटींवर खूण करा आणि त्या दोन खुणा जोडणाऱ्या रेघेवर कापा. दोन सारखे समलंब चौकोन मिळतील. आता एक त्रिकोण आणि एक समलंब चौकोन असे जोडा की त्यांच्या ३ चौकटींच्या बाजू एकमेकींना चिकटतील. उरलेल्या दोन तुकड्यांचे तसेच करा. या दोन जोड्या उलटसुलट ठेवून एकमेकींना भिडवल्या की ५ × १३ चा आयत तयार होतो. क्षेत्रफळ ६५! मूळ चौरसाचे तर ६४ होते. एक चौकट कोठून आली?

कोठूनच आली नाही. त्रिकोणाची तिरकी बाजू ८ चौकटी पुढे जाताना ३ चौकटी चढते, म्हणजे चढ ०.३७५. समलंब चौकोनाची तिरकी बाजू ५ चौकटी जाताना २ चढते, म्हणजे चढ ०.४. आपल्याला सरळ वाटणारा कर्ण मुळी सरळ नाही. मध्ये एक लांबट, चिंचोळी फट राहिली आहे आणि तिचे क्षेत्रफळ बरोबर एक चौकट आहे. जाड रेघेखाली ती लपते इतकेच. जुळले आहे असे दिसणे वेगळे आणि जुळणे वेगळे.

भास्कराचार्यांचे पाच तुकडे

आकार जुळवून सिद्धता देण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांचे गाव सह्याद्रीच्या परिसरात होते असे ते स्वतः सांगतात. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, आणि त्याविषयीचा १२०७ सालचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात एक उदाहरण येते. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू १५ आणि २०, तर कर्ण किती? असे चार सारखे त्रिकोण घ्या आणि कर्ण बाहेर येतील असे त्यांना चक्राकार मांडा. मध्ये ५ बाजूची चौरस जागा उरते. प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, चारांचे ६००, मधल्या चौरसाचे २५, एकूण ६२५. तेव्हा कर्ण २५. चीनमधील एका जुन्या गणितग्रंथाच्या टीकेतही हीच रचना आढळते.

भास्कराचार्यांनी आकृती काढून "पाहा" एवढेच लिहिले, अशी गोष्ट अनेक पुस्तकांत येते. पण खुद्द ग्रंथात हिशेबही आहे. आणि आताच आपले डोळे ६४ च्या ६५ चौकटी पाहून बसले असल्यामुळे आपणही नुसते पाहून सोडू नये. बाहेरचा आकार खरोखर चौरस आहे काय? त्याच्या प्रत्येक कोपऱ्यात एका त्रिकोणाचा लहान कोन आणि दुसऱ्याचा मोठा लघुकोन शेजारी येतात. त्यांची बेरीज ९० अंश. चारही बाजू म्हणजे त्रिकोणाचे कर्ण, म्हणून सारख्या. मध्ये फट आहे काय? एका त्रिकोणाची २० ची बाजू ही शेजारच्याची १५ ची बाजू आणि मधल्या चौरसाची ५ ची बाजू मिळून भरते. फट नाही. आता खरी खात्री झाली.

हे तुम्हीही करा. ६ आणि ८ सेंटिमीटर बाजूंचे चार काटकोन त्रिकोण आणि २ सेंटिमीटरचा एक चौरस कापा. आधी चक्राकार मांडून १० चा चौरस करा. मग तेच पाच तुकडे असे मांडा: दोन त्रिकोणांचा ६ रुंद आणि ८ उंच असा उभा आयत, त्याच्या उजवीकडे तळाशी उरलेल्या दोन त्रिकोणांचा ८ रुंद आणि ६ उंच असा आडवा आयत, आणि आडव्या आयताच्या डोक्यावर, उभ्या आयताला चिकटून, तो लहान चौरस. डाव्या टोकापासून ८ सेंटिमीटरवर एक उभी रेघ मनात ओढा. डावीकडे ८ चा चौरस आणि उजवीकडे ६ चा चौरस! तुकडे तेच, म्हणून ८² + ६² = १०². पायथागोरसचा सिद्धांत तुमच्या टेबलावर मांडलेला आहे. ६ आणि ८ ऐवजी दुसऱ्या कोणत्याही बाजू घेतल्या तरी वरचे सारे कारण जसेच्या तसे लागू पडते.

पुन्हा शेतात

आता भीमाकाठच्या त्या चार बाजूंच्या शेताकडे जाऊ. चारही बांध मोजले, तर क्षेत्रफळ सांगता येईल काय? पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या टोकांना टाचणीने जोडून चौकट करा आणि ती हळूहळू तिरकी दाबा. बाजू त्याच राहतात, पण आतली जागा आकसत आकसत नाहीशी होते. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून गुणाकार करण्याचा सोपा हिशेब अशा तिरक्या शेताचे क्षेत्रफळ नेहमी खऱ्याहून अधिक दाखवतो. म्हणूनच भास्कराचार्यांनी 'लीलावती'त बजावले आहे की, कर्ण न देता अशा चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा पिशाच समजावा आणि त्याचे उत्तर देणारा तर त्याहून मोठा पिशाच!

कर्ण मोजला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की तो दाबून तिरका करता येत नाही. त्याचे क्षेत्रफळ पक्के. आपल्याकडच्या जुन्या जमीन मोजणीत शंकू आणि १६ आण्यांची ३३ फुटी साखळी वापरून शेताचे असेच त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडीत. आज उपग्रहांच्या आधारे मोजणी होते, कोपऱ्यांची स्थाने यंत्र देते. तरीही त्या कोपऱ्यांवरून क्षेत्रफळ काढण्यामागचा विचार तुकडे पाडण्याचाच आहे.

शिक्षकांसाठी एक सूचना. वर्गात दोन-दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाने सात तुकड्यांचा आकार करावा आणि दुसऱ्याने न पाहता, केवळ शब्दांवरून तोच आकार उभा करावा. "तो तिरका तुकडा तिकडे लाव" अशा भाषेने काम होत नाही, हे मुलांना लगेच कळते. मग 'मोठ्या त्रिकोणाच्या कर्णाला लागून', 'काटकोन डावीकडे ठेवून' असे शब्द त्यांच्या तोंडी आपोआप येतात. व्याख्या कशासाठी लागतात, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी हे कोडे. सातही तुकडे वापरून असे बहुभुज करा की ज्यांची एकही बाजू आत वळलेली नाही, कोठे खाच नाही. चौरस हा त्यांपैकी एक. असे आकार नेमके १३ होतात, अधिक नाहीत, हे १९४२ साली दोन चिनी गणितज्ञांनी सिद्ध केले. किती सापडतात ते पाहा. आणि प्रत्येक आकार वहीत काढताना शेजारी एक ओळ अवश्य लिहा: येथे फट नाही, हे मी कशावरून म्हणतो?